तिसऱ्या सिलेंडरचा ताप

आमच्या सिस्टरआत्याच्या गाडीला मागची सीट नव्हती, आणि तिनं ती गाडी नेमकी त्यासाठीच घेतली होती. "जलमभर मांगच्या सीटवर बसली मी," ती सांगायची, "कोनाच्या सायकलच्या कॅरेजवर, कोनाच्या लुनावर, दवाखान्याच्या गाडीत पेशंटच्या पायापाशी. आता मांगची सीटच नको." रिटायर झाल्यावर बायका तीर्थयात्रेला जातात, नाहीतर घराला रंग देतात. आमच्या आत्यानं दोन माणसांची, जमिनीला पोट घासत चालणारी, हळदीसारखी पिवळी स्पोर्ट्स कार घेतली. ज्या सर्जनच्या हाताखाली तिनं वर्षानुवर्षं काढली, त्यांच्या मुलाची ती. मुलगा परदेशी गेला, गाडी शेडमध्ये धूळ खात पडली, आणि आत्यानं ती मागून घेतली. तिच्यात बसणं म्हणजे पंगतीत पाटावर बसण्यासारखं होतं. आधी खाली टेकायचं, मग पाय आवरायचे. उठताना कोणीतरी हात द्यावा लागे.

गाडीचा काटा दोनशेच्या वर जात होता, आणि आत्या ती साठनं चालवायची. अमरावतीतले स्पीडब्रेकर ती तिरपे ओलांडायची, बाळंतिणीला जिन्यावरून उतरवावं इतक्या जपून. पोरं ओरडायची, "सिस्टर, पळवा ना!" मीही एकदा विचारलं, की इतकी हळू चालवायची होती तर साधी गाडी का नाही घेतलीस. ती म्हणाली, "धावता येते हे माहीत असलं का चालायले बरं वाटते." हे उत्तर मला तेव्हा पटलं नव्हतं. आता चाळिशीकडे झुकताना पटू लागलं आहे, पण ते तिला सांगायची सोय उरलेली नाही. ती जाऊन वर्ष होत आलं.

आजोबांनी छप्पनला दीक्षा घेतली आणि नंतर झालेल्या या मुलीच्या हातात बांगड्यांच्या आधी पाटी दिली. चांदूर बाजारच्या शाळेतून ती नर्सिंगला गेली आणि सरकारी दवाखान्यातून मेट्रन होऊन बाहेर पडली. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायची, "ड्युटी लागली होती." अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणे, म्हणून आम्ही घरचेही सिस्टरआत्या म्हणू लागलो.

तिला अंदाज चालत नसे. "आकडा सांग," हे तिचं पालुपद. ताप आहे म्हटलं की "किती?" भाजीत थोडं मीठ घाल म्हटलं की "थोडं म्हंजे किती?" आईचा यावर जीव जाई. एका लग्नाच्या मांडवात कोणीतरी येऊन हळू आवाजात म्हणालं, की थोरले मामा फार सिरीयस आहेत. सगळ्यांनी पदर डोळ्यांना लावले. आत्यानं भर पंगतीत विचारलं, "सकायपासून लघवी किती झाली?" मामा त्या आजारातून उठले. त्या पंगतीतले अर्धे लोक मात्र तिच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत.

दुसरं तिचं वाक्य म्हणजे, "पारा झटकला म्हंजे ताप उतरत नाई." नवीन असताना तिच्या वॉर्डात एक मुलगी होती. ती राउंडच्या आधी थर्मामीटर झटकून चार्टावर नॉर्मल लिहायची, म्हणजे डॉक्टर रागवत नसत. आत्यानं तिला हाताला धरून पेशंटच्या कपाळावर हात ठेवायला लावला होता. पुढे हे वाक्य ती कशालाही लावायची, घरातल्या भांडणांपासून निवडणुकीपर्यंत.

तिच्या घराला लागून वच्छाकाकूंचं घर. जुनी शेतकरी माणसं. नवरा गेलेला, मुलगा पुण्याला. दोघींच्या मध्ये एक कमरेएवढी भिंत होती, आणि त्या भिंतीवरून दिवसभर काही ना काही इकडून तिकडे जात असे. सकाळी आत्या भिंतीशी उभी राहून काकूंचा बी.पी. पाही. दुपारी काकूंकडून सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, येई. गाडी आल्यावर काकूंनी आपल्या परीनं तिचीही काळजी घ्यायला सुरुवात केली. थंडी पडली, तशी संध्याकाळी त्या येत आणि लाल फुलांची एक जुनी कापसाची रजई गाडीच्या तोंडावर घालून, कडा खाली नीट खोचून जात. पिवळ्या गाडीवर लाल रजई. येणारेजाणारे हसायचे. आत्याला त्यात काही हसण्यासारखं वाटत नव्हतं.

माझे बाबा तिच्याहून लहान, पण भाऊपण मोठ्याचं करायचे. आम्ही अकोल्याला जठारपेठेत राहत होतो. आठवड्याला एकदा फोनवर त्यांचं तेच चाले, "ताई, इकडे ये. वरची खोली रिकामी हाये. तिथं तुह्याकडे पाहनारं कोन हाये?" आत्या म्हणे, "मीच हावो ना माह्याकडे पाहनारी." मग बाबा चिडत आणि गाडीवर घसरत. या वयात हे नसते शौक, कुठं बंद पडलीस तर कोण येणार, वगैरे. गाडी हे निमित्त होतं. बाबांना आपली बहीण एकटी मरून पडेल याची भीती वाटत होती, आणि आत्याला आपलं दार आपल्या हातानं उघडायचं होतं. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर ते भांडण संपत नव्हतं.

हिवाळा सरत असताना गाडीच्या काट्याशेजारी इंजिनाचा पिवळा दिवा लागला, आणि गाडी सिग्नलला उभी असताना थरथरू लागली. सर्जनच्या मुलाकडे असताना गाडी ज्याच्याकडे दुरुस्तीला जाई, त्या नागपूरच्या माणसाला आत्यानं फोन केला. त्यानं गाडी न पाहताच सांगितलं, की लक्षणं बरी नाहीत, इंजिन खोलावं लागेल. ही बातमी बाबांपर्यंत कशी पोचली ते विचारू नका. मी तेव्हा सुट्टीत आत्याकडे गेले होते, आणि मला तिथं पाठवलंच मुळी तिचं मन वळवायला होतं.

फोनवर दोघांत करार झाला. बाबा म्हणाले, "इंजिन गेलं असन तं गाडी ईक, घराले कुलूप लाव, आन् इकडे ये. नसन गेलं तं मी परत नाव काढनार नाई." आत्या म्हणाली, "मंजूर. पन सांगनार कोन?" नागपूरवाल्यावर तिचा भरवसा नव्हता. तिच्या ओळखीच्या अमरावतीच्या मिस्त्रीवर बाबांचा नव्हता. शेवटी ठरलं, की गाडीचा कोड वाचणारं जे यंत्र असतं ते घ्यायचं, आणि ते म्हणेल ते दोघांनी मानायचं. "ज्याच्या बोलन्यावर माहं घर ठरनार," आत्या मला म्हणाली, "ते मी पारखून घेईन."

मिस्त्री बिचारा मदतीला धावला. त्याच्याकडे एक यंत्र होतंच. "सिस्टर, येक बटन दाबतो, दिवा बंद होते. तुमच्या भावाले काय समजते?" मला तर हा उपाय फार आवडला. आत्या म्हणाली, "त्याले नाई समजनार. मले समजते ना." आणि मग पाऱ्याचं ते वाक्य आलंच.

यंत्र निवडायला ती निघाली ती एखाद्या मेट्रननं वॉर्डासाठी नवीन नर्स निवडावी तशी. पहिल्या दुकानात त्यानं अंगठ्याएवढी एक निळी डबी काढली. ती स्टिअरिंगखालच्या सॉकेटात लावायची आणि मोबाइलवर पाहायचं. "हे काय पाहते?" आत्यानं विचारलं. "सगळं पाहते, मॅडम." आत्या तिथून उठलीच. बाहेर येऊन म्हणाली, "जे पोट्टी पयल्या दिवशी म्हनते का मले सगळं येते, तिले मी कधी आयसीयूत ठेवली नाई." दुसऱ्या ठिकाणी गॅरेजात वापरतात तसलं मोठं, पाटीएवढं यंत्र होतं. त्यात जगातल्या साऱ्या गाड्यांचे नकाशे होते. ते चालवून दाखवणारा माणूस स्वतःच दोनदा अडकला. "हे मोठ्या डॉक्टरचं काम हाये," ती म्हणाली. "मले रातपाळीची नर्स पाहिजे."

मग कोणीतरी अकोल्यातलं एक दुकान सांगितलं. गाडी तिनं घरी ठेवली होती, कारण ताप आलेल्याला चालवत नाहीत. आम्ही एसटीनं गेलो. दुकान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. मी म्हटलं, चल, घरी जेवून घेऊ, आईला बरं वाटेल. आत्या म्हणाली, "निकाल लागेपर्यंत समोरच्या पार्टीच्या घरी जेवू नाई." आणि बसस्टँडवर उभ्याउभ्या कचोरी खाल्ली.

तो दुकानदार तंबाखू मळत बसला होता. त्याला विकायची घाई दिसली नाही. त्यानं हातात मावेल असं, स्वतःचा छोटा पडदा असलेलं एक यंत्र पुढे ठेवलं. आत्यानं विचारलं, "हे काय पाहते ते सांगू नका. काय पाहत नाई ते सांगा."

तो मळायचा थांबला. असा प्रश्न त्याला गिऱ्हाइकानं कधी विचारला नसावा. म्हणाला, "याले मराठी येत नाई. जुन्या गाडीची एअरबॅग वाचीनच, याची ग्यारंटी मी देत नाई. आन् पार्ट गेला का तार तुटली, हे त्याले समजत नाई. ते येवढंच सांगते का अमक्या जागी गडबड हाये."

"गडबड झाली तेव्हा गाडी कशी होती, किती गरम होती, ते ठेवते का ध्यानात?"

"ठेवते."

"आन् कोड पुसाचा असन तं?"

"आंधी इचारते. हो म्हनल्याशिवाय पुसत नाई."

"म्हंजे नर्स हाये," आत्या म्हणाली. "डॉक्टर नाई."

"तसंच समजा, बाई."

"मंग द्या."

परत येताना एसटीत ती ते मांडीवर घेऊन बसली होती. बाहेर पाहत होती. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाली, "खरंच इंजिन गेलं असन तं मी येईन वं. शब्द दिला हाये." तोवर मला सगळा प्रकार मजेचाच वाटत होता. तेव्हा पहिल्यांदा समजलं, की ती घाबरलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला बोलावून तिनं यंत्र लावलं. पडद्यावर एक आकडा आला आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, की तिसऱ्या सिलेंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही. गाडी चालू ठेवली की तिसऱ्याच्या चुकांचा आकडा डोळ्यांदेखत चढत होता, बाकीचे गप्प होते. माझं तोंड उतरलं. आत्याचं नाही. "त्यानं जागा सांगितली, रोग नाई सांगितला," ती म्हणाली. "आता हात लावून पाहा लागते."

मिस्त्रीनं इंजिनावरचं झाकण काढलं आणि आम्ही तिघंही वाकून पाहत राहिलो. आत कापूस होता. चांगला मूठभर, मऊ, गोल घर केलेला. उंदरांचं बाळंतपण तिथंच झालेलं दिसत होतं. त्या घराच्या कडेला तिसऱ्या सिलेंडरची तार अर्धी कुरतडलेली होती. इंजिनाला काही झालेलं नव्हतं. आनंदानं ओरडणार तेवढ्यात माझी नजर कापसात अडकलेल्या एका चिंधीवर गेली. लाल फुलांची चिंधी.

"काय निंघालं वं सिस्टर?" भिंतीवरून वच्छाकाकू विचारत होत्या.

आत्यानं ती चिंधी मुठीत घेतली. "तार ढिली झालती, काकू. झालं."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, मी मिस्त्रीकडे. जिनं कधी पॉइंट एकनंसुद्धा ताप कमी सांगितला नाही, ती धडधडीत खोटं बोलली होती. घरात आल्यावर मी तिला धारेवर धरलं. ती हात धुवत होती, कोपरापर्यंत, दवाखान्यात धुतात तसे. म्हणाली, "ते रोज रजई टाके. मी रोज खिडकीतून पाहे. मले बरं वाटे. कोनी आपल्यावर पांघरून घातलं, तं याच्यात उंदीर येतीन का, असं इचारते का मानूस? चूक माही हाये." आणि बाबांना रजईचं काही सांगायचं नाही, अशी मला तंबी दिली.

रविवारी बाबा आले. तार बदलली होती, गाडी मांजरासारखी गुरगुरत होती. बाबांनी चष्मा लावून स्वतः यंत्र पाहिलं. एकही दोष नाही. करार पाळला गेला असं वाटलं. पण बाबा ते बाबा. "पन झालं कायनं?"

आत्यानं खरं तेच सांगितलं, फक्त कर्ता बदलला. "उंदरानं तार कातरली. झाकाची पद्धत चुकली माही."

"पाहा!" बाबा उसळले. "इंजिन नाई गेलं, मान्य. पन उंदरं घर करून राहिले आन् तुले पत्ता नाई. गाडी नाई सांभायता येत, उद्या तू पडली तं? कोन पाहनार हाये तुले इथं?" करार त्यांच्या हातून निसटत होता आणि ते दुसरीकडून धरू पाहत होते. मी तोंड उघडलं. आत्यानं माझ्याकडे अशी एक वॉर्डातली नजर टाकली, की मी मिटलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. तिला त्या वेळी तसं बसलेलं पाहणं मला फार जड गेलं.

दारात वच्छाकाकू उभ्या होत्या, हातात सांबारवडीचं ताट. किती ऐकलं होतं कोण जाणे. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"भाऊ, थे रजई माही होती."

आत्या म्हणाली, "काकू, तुमी जा बरं घरी."

"काहून जाऊ? कोपरा फाटला दिसला, तवाच समजलं मले. हिवायाभर मी टाकत होती, भाऊ, सांजच्याले. उंदरंई माह्याच घरचे असतीन."

बाबा गोंधळले. "पन गाडीले काय थंडी वाजते, काकू?"

"गाडीले काय वाजते, भाऊ?" काकूंना बाबांच्या अकलेची कीव आलेली दिसली. "सिस्टर सकायी सकायी थंड्या गाडीत बसते. त्यायच्या गुडघ्याले लागते."

बाबा खुर्चीवर टेकले. एक वडी उचलली, खाल्ली, मग दुसरी उचलली. इतकी वर्षं फोनवर जे विचारत होते, त्याचं उत्तर त्यांच्यासमोर नऊवारी नेसून उभं होतं. जेवून निघताना ते भिंतीशी थांबले आणि म्हणाले, "काकू, आता रजई गाडीवर नका टाकत जाऊ. ताईच्याच अंगावर टाका." आणि त्यानंतर त्यांनी तिला अकोल्याला ये म्हणून कधी फोन केला नाही.

पुढची काही वर्षं ती गाडी दोघींची झाली. काकू पदर डोक्यावर घट्ट बांधून शेजारच्या सीटवर बसत आणि आत्या त्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडे, बाजारात, एकदा तर नुसतंच धामणगाव रेल्वे या गावापर्यंत घेऊन गेली होती. गल्लीत कोणाच्या गाडीचा दिवा लागला की आत्या यंत्र घेऊन जाई, आकडा सांगे, आणि वर बजावे, "मी फकत सांगून राहिली. डॉक्टरले दाखवा." तिच्या आयुष्यातला हा सगळ्यात हसरा काळ, असं मी खात्रीनं म्हणते. मी तिच्याकडे गेले की दोघी माझ्यावर मिळून तुटून पडायच्या.

मग काकू न्हाणीघरात घसरल्या, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. तो चांगला मुलगा होता, त्याचंही चुकलं नाही. शेजारच्या घराला कुलूप लागलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी बाबांचा फोन वाजला.

"रम्या, कामात हायेस का?"

"नाई. बोल, ताई."

"मले न्यायले ये."

बाबा घाबरून उभेच राहिले. "काय झालं? बरं नाई का?"

"मी बरी हावो. बी.पी. चांगला हाये, साखर चांगली हाये. पन तू इचारत होता ना, का इथं कोन हाये? आता नाई कोनी."

बाबांनी फोन ठेवून शर्ट चढवला. आई म्हणाली, आपली गाडी घेऊन जा, सामान आणायला बरी पडेल. बाबा म्हणाले, "सामान मांगून येईन. मी एसटीनं जातो. येतानी तिच्या गाडीत बसून येतो." ज्या गाडीला त्यांनी इतकी वर्षं नावं ठेवली, तिच्यात ते पहिल्यांदाच बसणार होते.

संध्याकाळी जठारपेठेत ती पिवळी गाडी शिरली, तेव्हा गल्लीतली सगळी पोरं मागे धावत होती. आत्या उतरली ती डोळे कोरडे, पाठ ताठ. बाबांना उतरायला मी हात दिला. त्यांचे डोळे लाल झाले होते. रात्री जेवताना त्यांनीच सांगितलं, की मूर्तिजापूरपाशी ते तिला म्हणाले, ताई, थकली असशील, थोडा वेळ मी चालवतो.

"गप बस," ती म्हणाली होती. "आंधी आपले डोये पूस."